गाढव गप्प आहे म्हणजे ते बरे आहे असे नाही

या महिन्याच्या सवाल-जवाब सदरात गाय-म्हैस नाही. सातारा-सांगलीकडून आलेली पत्रे यावेळी घोडा, तट्टू आणि गाढव यांच्याबद्दलची आहेत. उत्तरे जखमी व सोडून दिलेल्या घोड्या-गाढवांची रोज देखभाल करणाऱ्या मंडळींनी आणि पशुवैद्यकांनी मिळून लिहिली आहेत. काही पत्रे आम्ही थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घराजवळ वीटभट्टी आहे. गाढवांच्या पाठीवर उघड्या जखमा दिसतात आणि त्यावरच पुन्हा विटा लादतात. किती ओझे लादावे याला काही नियम आहे का? भांडण न करता भट्टीवाल्यांना काय सांगता येईल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नियम आहे आणि तो 1965 पासून आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्याखाली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 मध्ये नियम झाले. त्यानुसार गाढवावर जास्तीत जास्त 50 किलो, तट्टूवर 70 किलो आणि खेचरावर 200 किलो ओझे लादता येते. दिवसभरात 9 तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही आणि सलग 5 तासांनंतर विश्रांती द्यायचीच. जिथे पारा 37 अंशांवर जातो तिथे दुपारी 12 ते 3 काम बंद. एप्रिल-मेमध्ये सांगलीत 37 च्या खालची दुपार शोधावी लागते, तेव्हा हा नियम आपल्याकडे जवळजवळ सगळा उन्हाळा लागू आहे.

पण भट्टीवर 50 किलो म्हणून कोणी मोजत नाही, तिथे नग मोजतात. भाजलेली वीट साधारण 3 किलोची धरली तर हिशेब 16 विटांचा होतो, दोन्ही बाजूंना 8-8. ओलसर कच्ची वीट याहून जड असते, तेव्हा संख्या कमी करायची. वाळूचा हिशेब आणखी डोळे उघडणारा आहे. एक घनफूट कोरडी वाळू साधारण 45 किलो भरते, म्हणजे गाढवाची मर्यादा एका घनफुटातच संपते. कायद्याचे कलम सांगण्याऐवजी एक वीट आणि एक घमेले वाळू वजनकाट्यावर ठेवून दाखवा. गाढवावर ज्यांचे पोट आहे त्यांना वजन लगेच कळते.

आता जखमांचे. पाठीवरची जखम फक्त जास्त ओझ्याने होत नाही. पालाणाखालची गादी कण्यावर टेकली की 30 किलोनेही कातडी सोलते. गादीला दोन जाड वळ्या हव्यात, कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि मधून हात सहज जाईल अशी मोकळी पन्हळ. गोणपाटात कडब्याचे भूस दाबून भरले तरी चालते. मात्र गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत आणि घामाने कडक झालेले गोणपाट धुऊन वाळवायचे. प्लास्टिकच्या खताच्या पोत्याची गादी करतात, ती घाम शोषत नाही आणि तिच्या शिवणी कातडीत रुततात. ओझे दोन्हीकडे समान हवे. एकीकडे 7 आणि दुसरीकडे 10 विटा असल्या की पालाण सरकते आणि कण्यावर घासते.

जखम असेपर्यंत त्या पाठीवर काहीच ठेवायचे नाही. दुसरा उपाय नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ (साधारण दीड सपाट चहाचा चमचा) घालून जखम धुवावी. जळके ऑइल, रॉकेल, बॅटरीचे पाणी यांतले काहीही लावू नये. त्याने माशी बसत नसेल, पण जखम भाजते आणि भरायला दुप्पट वेळ लागतो. लंगडणाऱ्या पायाला तापलेल्या सळईचा डाग देणे आणि दम लागतो म्हणून नाकपुडी चिरणे हेही याच जातीचे. त्यातून लंगडेपणा जात नाही, श्वासही वाढत नाही, फक्त नवी जखम पदरात पडते.

पावसाळ्यात काही जखमा भरतच नाहीत. कडा जाड होतात, आत पिवळसर बाजरीएवढे कण दिसतात आणि जनावर खाजवून रक्त काढते. घोडेवाले याला ‘बरसाती’ म्हणतात. बऱ्याचदा माशीने जखमेत सोडलेल्या जंताच्या अळ्या हे त्याचे कारण असते. अशा जखमेवर मलम चोळत बसण्यात अर्थ नाही. डॉक्टरांकडून तपासून जंताचे औषध द्यावे लागते.

प्रश्न : आमच्याकडे दोन गाढवे होती. एक आजारी पडून गेले. दुसरे त्या दिवसापासून कोपऱ्यात उभे असते. लोळत नाही, ओरडत नाही, पण दोन दिवसांत फारसे खाल्लेले नाही. दुःख ओसरले की खाईल, असे घरचे म्हणतात. थांबावे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : थांबू नका. हे उत्तर छापून हाती पडेपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला आधीच कळवले आहे. इथे ते बाकीच्यांसाठी.

घोड्याच्या पोटात दुखले तर तो लोळतो, पोटाकडे बघतो, पाय आपटतो. गाढव यातले बहुतेक काही करत नाही. ते मान खाली घालून उभे राहते. आतडे अडकलेले असो, दात दुखत असो की खुरात पू झालेला असो, बाहेरून दिसते एवढेच की गाढव ‘गप्प’ आहे. म्हणून गप्प गाढव हे आजारी गाढव, असेच धरून चालावे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. गाढवाने खाणे थांबवले की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडू लागते. घोड्यापेक्षा गाढवात हे फार वेगाने होते. चरबी यकृतात साचते, मग खायची इच्छा उरलीसुरली जाते आणि चक्र वेग घेते. लठ्ठ गाढव, गाभण किंवा पाजणारी गाढवीण यांना धोका सर्वाधिक. रक्ताच्या नमुन्याची बाटली थोडा वेळ ठेवली तर वरचा द्रव पिवळसर पारदर्शक राहण्याऐवजी दुधाळ दिसतो. तोवर वेळ बराच गेलेला असतो. निमित्त काहीही असू शकते: दातदुखी, लांबचा प्रवास, मालक बदलणे, जोडीदार जाणे. लठ्ठ गाढवाला बारीक करायचे म्हणून एकदम उपाशी ठेवणे हेही.

डॉक्टर येईपर्यंत ताप बघा. मोठ्या गाढवाचे तापमान 36.5 ते 37.8 अंश, नाडी मिनिटाला साधारण 36 ते 52 आणि श्वास 12 ते 28. डाव्या कोपरामागे हात किंवा कान लावला की ठोके मोजता येतात. वरची हिरडी बोटाने दाबून सोडा, 2 सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. लीद कधी झाली आणि किती, हे लिहून ठेवा. घास चघळून त्याची गोळी बाहेर टाकत असेल तर दात तपासायला सांगा.

खायला थोडे थोडे, पण सतत पुढे करा. ताजी कापलेली हरळी, गाजर, केळ्याची साल, पुदिना, कोमट पाण्यात भिजवलेला मूठभर कोंडा. काय खाल्ले यापेक्षा काहीतरी खाल्ले हे महत्त्वाचे. मात्र बाटलीने किंवा बांबूच्या नळीने काही पाजू नका. मान वर धरून ओतलेले पातळ अन्न फुप्फुसात जाते आणि त्याचा न्यूमोनिया होतो. नाकातून नळी घालून पातळ अन्न देणे हे डॉक्टरांचे काम आहे.

जोडीदाराबद्दल : गाढवे जोडी बांधून राहतात. एक मेले तर दुसऱ्याला मृतदेहाजवळ राहू द्यावे. ते हुंगते, ढोसते आणि मग स्वतःहून बाजूला होते. आपण घाईघाईने देह उचलून नेला की मागे राहिलेले शोधत राहते, ओरडते, खात नाही. एकाला दवाखान्यात न्यायचे झाले तर दुसऱ्यालाही टेम्पोत घ्या. खर्च वाढतो, पण एकट्याचा आजार वाढतो तो त्याहून महाग पडतो.

बरे झाल्यावर खुराक घोड्याच्या मापाने देऊ नका. गाढवाला दिवसाला वजनाच्या साधारण दीड टक्का सुका चारा पुरतो. 120 किलोच्या गाढवाला दोन किलोच्या आसपास. त्यात गव्हाचा भुसा किंवा कडबा जास्त आणि धान्य नाहीच.

प्रश्न : पुणे-बंगळूर महामार्गावर कराडजवळ रात्री गाडीची धडक बसलेले गाढव पाहिले. काय करावे हेच सुचले नाही. (एक वाचक, कराड)

उत्तर : आधी स्वतःला सांभाळा. गाडी बाजूला घेऊन चारही इंडिकेटर लावा आणि मागून येणाऱ्यांना दिसेल असा एक माणूस अंतरावर उभा करा. मग 1962 ला फोन करा. हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा क्रमांक आहे. फोनवर किलोमीटरचा दगड किंवा जवळचा पूल सांगितला तर गाडी वेळेत पोचते.

जनावराजवळ मागून जाऊ नका. खांद्याच्या बाजूने जा आणि डोळ्यांवर कापड टाका, ते शांत होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी 10 ते 15 मिनिटे घट्ट दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका, भिजले तर त्यावरच दुसरे कापड ठेवा. शेपूट किंवा कान धरून ओढू नका. उचलायचेच झाले तर ताडपत्री खाली सरकवून चौघांनी चार कोपरे धरावेत. बरोबरची गाढवे असतील तर हाकलू नका. ती जवळ असली की जखमी गाढव कमी धडपडते.

डॉक्टरांना धनुर्वाताची आठवण करून द्या. धनुर्वाताची लस दिली आहे की नाही हे माहीत नसेल तर जखमेच्या दिवशीच अँटिटॉक्सिन, म्हणजे धनुर्वाताच्या विषावरचे इंजेक्शन, हवे, कारण घोडा आणि गाढव या रोगाला फार लवकर बळी पडतात. पायाचे हाड तुटून बाहेर आले असेल तर वाचवण्यापेक्षा यातना संपवणे योग्य ठरू शकते. तो निर्णय डॉक्टरांचा आहे आणि कायद्यात त्याची तरतूद आहे. आणि हो, अशा बहुतेक गाढवांना मालक असतो. कानाची खूण किंवा रंगाचा पट्टा असेल तर फोटो काढून पोलिसांना द्या.

प्रश्न : पाचगणीला टेबललँडवर तट्टू फिरवतो. गिऱ्हाईक किती वजनाचे घ्यावे? (एक घोडेवाला)

उत्तर : तट्टूचे वजन टेपनेच काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,877. घेर 140 आणि लांबी 130 असेल तर वजन साधारण 215 किलो. जिनासकट वजन तट्टूच्या 20 टक्क्यांपर्यंत, हा जाणकारांचा ठोकताळा. म्हणजे 43 किलो. जीन 8 किलोचे धरले तर स्वार 35 किलोचा, म्हणजे एक शाळकरी मूल. 80 किलोच्या पाहुण्याला लगाम धरून फोटो काढू द्या. तेवढ्यावर तो खूश होतो असा बहुतेकांचा अनुभव आहे.

प्रश्न : महाबळेश्वरला पावसात खुराच्या तळव्याला घाण वास येतो, काळे पाणी निघते. दर वर्षीचे आहे. (एक वाचक, महाबळेश्वर)

उत्तर : चार महिने चिखलात उभे राहिले की तळव्यातला त्रिकोणी रबरी भाग कुजतो. औषधाआधी जागा बदला. जांभ्याचा थोडा उतार दिलेला ओटा करा, वर भाताचा पेंढा टाका आणि ओला झाला की बदला. रोज संध्याकाळी खूर टाचेकडून टोकाकडे खरवडून काढा, धुऊन कोरडा करा आणि खाचांत मोरचुदाच्या 5 टक्के पाण्याचा (लिटरला 50 ग्रॅम) बोळा फिरवा. लालसर, ओले मांस उघडे पडले असेल तर मोरचूद नको, डॉक्टर हवा.

हंगाम बंद झाल्यावर नाल काढून कडा घासून घ्या. हंगामात दर सहा आठवड्यांनी नालबंदाकडे न्यायचे, नाल झिजलेली नसली तरी, कारण खूर वाढलेला असतो. कालपर्यंत ठीक असलेले जनावर आज एकदम तीन पायांवर उभे राहिले आणि खूर गरम लागला, तर बहुधा आत पू आहे. तो बाहेर काढावाच लागतो. नालबंदाला एक सांगा : गाढवाचा खूर घोड्यापेक्षा उभा असतो. घोड्यासारखी टाच खाली कापली की गाढव लंगडते.

प्रश्न : पोल्ट्रीतले उरलेले खाद्य घोडीला दिले तर चालते का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : अजिबात नाही, मूठभरही नाही. कोंबड्यांच्या खाद्यात रोगप्रतिबंधक म्हणून मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असू शकते. कोंबडीला चालणारी मात्रा घोड्याचे हृदय निकामी करते आणि त्यावर उतारा नाही. पोल्ट्रीची पोती घोडीच्या खाद्याजवळही ठेवू नका. रिकामे पोते चाटूनही त्रास होऊ शकतो.

प्रश्न : बाजारातून आणलेल्या घोड्याच्या नाकातून घट्ट पिवळा स्राव येतो. सर्दी समजून काढा द्यावा का? (एक वाचक, विटा)

उत्तर : काढा नंतर, आधी वेगळा बांधा. घशाखाली मोठी गाठ येऊन फुटत असेल तर ते बहुधा घोड्यांमध्ये पसरणारे जिवाणूजन्य दुखणे असते आणि उपचाराने बरे होते. पण नाकात व्रण, पायांच्या आतल्या बाजूला दोरीसारख्या गाठी आणि त्यांतून मधासारखा स्राव असेल तर शेंब्याचा, म्हणजे ग्लँडर्सचा, संशय घ्यायला हवा. हा रोग माणसाला होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार त्याची खबर सरकारी पशुवैद्यकाला द्यावी लागते. रक्ताचा नमुना हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या तपासणीसाठी जातो.

तोपर्यंत एकाच माणसाने हातमोजे आणि मास्क घालून देखभाल करावी. बादली, तोबरा, खरारा वेगळा. लीद आणि पेंढा उकिरड्यावर न टाकता बाजूला ठेवा. आणि शेजारी मदत म्हणून बघायला आले तर त्यांना कुंपणाबाहेरच थांबवा, मुलांना तर नक्कीच.