एकाच माणसाची दोन मतं

निवडणुकीवर प्रश्न पाठवा म्हटलं तर इनबॉक्स तुंबला. बऱ्याच पत्रांत प्रश्न नव्हतेच, नुसत्या शिव्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या. उरलेल्यांतले चार घेतोय. पहिल्याला जास्त जागा गेलीय कारण तो जवळपास सगळ्यांनीच विचारलाय.

प्रश्न: २०२४ला लोकसभेत महाराष्ट्रात आघाडीला ४८ पैकी ३० जागा, महायुतीला १७. नोव्हेंबरात विधानसभेला तीच महायुती २३०च्या घरात आणि आघाडी पन्नाशीच्याही आत. पाच-सहा महिन्यांत लोक एवढे फिरतात का हो? आमच्या घरात यावर अजून वाद होतात, मुलगा म्हणतो मशीन, सासूबाई म्हणतात दीड हजार रुपये.
(एक वाचक, सातारा)

उत्तर: ताई, आधी जागा विसरा आणि मतं बघा. लोकसभेला दोन्ही बाजूंच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, दोघंही ४३-४४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे टीव्हीवर जो ३० विरुद्ध १७ असा धुव्वा दिसला तो मतांच्या हिशेबात बरोबरीचाच सामना होता. धुळ्याचं बघा, सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप पुढे आणि एकट्या मालेगाव मध्यनं काँग्रेसला एवढं लीड दिलं की चार हजारांच्या आतल्या फरकाने सीट गेली. आणि उलट बाजूनं मुंबई उत्तर पश्चिम, तिथे महायुती ४८ मतांनी जिंकली, ४८ हजार नाही, ४८. आपल्याकडे सगळ्यात जास्त मतं ज्याला तो खासदार, दुसऱ्याला मिळालेल्या लाखो मतांचं काहीच होत नाही, त्यामुळे मतं जराशी सरकली की जागा धाडकन पडतात.

विधानसभेला मात्र मतंही खरंच सरकली. महायुती निम्म्याच्या जवळ पोचली आणि आघाडी एक तृतीयांशाच्या आसपास आली. पण अजून एक आकडा कुणी बघत नाही, मतदान ६१ टक्क्यांवरून ६६वर गेलं, म्हणजे लोकसभेला घरी बसलेले लाखो लोक या वेळी बाहेर पडले. सगळे काही ‘फिरले’ नाहीत, काही तर आधी आलेच नव्हते.

आता सासूबाईंचं. त्या अर्ध्या बरोबर आहेत. लोकसभेच्या वेळी कांद्याच्या निर्यातबंदीचा राग होता, संविधान बदलतील ही भीती होती, पक्ष फोडले त्याची चीड होती, आणि नोव्हेंबरात चर्चा होती ती खात्यात आलेल्या लाडक्या बहिणीच्या पैशाची. फरक पडलाच. पण पैसे दिले की मत मिळतं एवढं सोपं असतं तर आंध्रात मुख्यमंत्री जगनमोहन रेड्डींची सत्ता गेलीच नसती. थेट खात्यात पैसे टाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, तरी १७५च्या सभागृहात १५१ वरून ११ वर आले, तेही त्याच २०२४मध्ये. पैसे घेतात लोक, का नाही घेणार, सरकारचेच आहेत, पण मत देताना अजून चार गोष्टी बघतात.

मुलाला सांगा की कर्नाटकचं १९८४-८५ वाचून बघ. डिसेंबर ८४ला इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसला तिथे २८ पैकी २४ खासदार मिळाले. तिथले मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडेंनी नैतिक जबाबदारी म्हणून विधानसभा बरखास्त करून घेतली आणि मार्च ८५ला त्यांच्या जनता पक्षाने २२४ पैकी १३९ जागा घेतल्या. तीन महिने, कागदी मतपत्रिका, शिक्के आणि पेट्या. म्हणजे एवढा मोठा झोका मशीन नसतानाही बसतो. त्यामुळे आत्ताचं सगळं स्वच्छ ठरतं असं मी म्हणत नाही, त्यासाठी दर विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या) मोजून मशीनशी ताडतात, पाच कमी वाटत असतील तर ती मागणी जरूर करावी. पण निकाल आपल्याला आवडला नाही हा पुरावा होत नाही.

प्रश्न: आमचे ऑफिसातले म्हणतात लोक मत देत नाहीत, जात देतात. मग प्रचार, जाहीरनामे वगैरेचा खटाटोप कशाला?
(परभणीहून)

उत्तर: तुमच्याच मराठवाड्यात या म्हणण्याची दांडी उडालीय. २०२४ला लोकसभेच्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली, संभाजीनगरची. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने वातावरण तापलेलं होतं, बीडला पंकजा मुंडे साडेसहा हजारांनी पडल्या, आणि सगळ्यांनी लिहिलं की जातीने निवडणूक खाल्ली. बरं, नोव्हेंबरात त्याच मराठवाड्यात ४६ पैकी ४० जागा महायुतीला. जाती तर त्याच होत्या ना? सहा महिन्यांत कुणी जात बदलली नाही.

झालं काय तर मराठा आंदोलनाचे नेते मनोज जरांगेंनी उमेदवार उभे न करण्याचं ठरवलं, एक मोठा अवघड प्रश्न बाजूला झाला. दुसरीकडे ओबीसी समाज आधीपेक्षा एकवटला, आणि विधानसभेला बऱ्याच मतदारसंघांत दोन्हीकडचे तगडे उमेदवार एकाच समाजाचे होते. असं झालं की जातीचा मुद्दा तिथे निकाल ठरवूच शकत नाही, मग माणूस रस्ता, पाणी, उमेदवाराचा स्वभाव, कुणाच्या लग्नाला आला आणि कुणाच्या मयतीला नाही हे सगळं बघतो. (हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, आमदारकीला ते फार चालतं.)

शिवाय एका जातीच्या जिवावर राज्य येतच नाही, तेवढी संख्याच कुठल्या जातीकडे नसते. पक्षांना हे केव्हाच कळलंय. वसंतराव भागवतांनी भाजपसाठी माळी-धनगर-वंजारी असा ‘माधव’ फॉर्म्युला मांडला तो याचसाठी, आणि गुजरातमध्ये काँग्रेसच्या माधवसिंह सोलंकींनी क्षत्रिय, हरिजन, आदिवासी, मुस्लिम यांची ‘खाम’ मोट बांधून १९८५ला १८२ पैकी १४९ जागा नेल्या. मोट बांधायला लागते याचा अर्थच असा की ती सुटतेही. जात मोजली जाते हे खरं, ती नाकारणारा माणूस एकतर शहरी भोळा किंवा उमेदवार.

प्रश्न: एक देश एक निवडणूक झाली की लोक दोन्हीकडे एकाच पक्षाला मत देतील आणि प्रादेशिक पक्ष संपतील, असं वाचलं. खरं आहे का?
(एमपीएससीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर: तुला परीक्षेसाठी: १९५१-५२ पासून १९६७ पर्यंत लोकसभा-विधानसभा साधारण एकत्रच व्हायच्या, मग विधानसभा मध्येच बरखास्त होत गेल्या, ७१ला लोकसभाच मुदतीआधी झाली आणि वेळापत्रक तुटलं. आताचं १२९व्या घटनादुरुस्तीचं विधेयक डिसेंबर २०२४मध्ये मांडलं आणि संयुक्त समितीकडे गेलं.

आता मूळ प्रश्न. भीती पूर्ण खोटी नाही, एकत्र निवडणुकीत दिल्लीचा आवाज मोठा होतो आणि गल्लीचा विषय दबतो. पण मतदार एका रांगेत उभं राहून दोन वेगळी बटणं दाबू शकतो, आपणच दाबलीयेत. १९९९ला महाराष्ट्रात दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या, लोकसभेला सेना-भाजपचे ४८ पैकी २८ खासदार आले, विधानसभेला मात्र युती १२५ वर अडकली आणि वेगवेगळे लढलेले काँग्रेस (७५) आणि राष्ट्रवादी (५८) निकालानंतर एकत्र आले, विलासराव मुख्यमंत्री झाले. बंडखोर-अपक्षांनीही मतं खाल्ली हे आहेच, पण वाजपेयी हवेत आणि इथे युती नको असा हिशेब करणारेही होतेच.

ओडिशा तर याची प्रयोगशाळाच म्हण. २०१९ला एकत्रच मतदान, भाजपला २१ पैकी ८ खासदार आणि आमदार फक्त २३, तेव्हाचे मुख्यमंत्री नवीन पटनायक, म्हणजे नवीनबाबूंच्या बिजू जनता दलाचे (बीजेडी) आमदार ११२. २०२४ला लोकसभेत भाजप २० आणि बिजू जनता दल शून्य, विधानसभेतही भाजप ७८, बीजेडी ५१. बघताना वाटतं लाटेत सगळं वाहून गेलं. आणि गंमत अशी की विधानसभेत बीजेडीला भाजपपेक्षा किंचित जास्तच मतं होती! दोघंही ४० टक्क्यांच्या जरा वर, मतं जास्त आणि सत्ता गेली. म्हणजे लोकसभेला साथ सोडलेले काही जण विधानसभेच्या बटणावर परत नवीनबाबूंकडे आले, पण जागा देणाऱ्या गणिताने दगा दिला. बसपाचं २०१४ला असंच, देशात मतांच्या टक्केवारीत तिसरा नंबर आणि लोकसभेत शून्य. प्रादेशिक पक्ष संपतील की नाही हे मतदानाच्या तारखेपेक्षा त्यांची मतं कुठे आणि किती एकवटलीयेत त्यावर जास्त ठरतं.

प्रश्न: सगळेच सारखे, मी नोटाच (वरीलपैकी कुणीही नाही) दाबणार. नोटा पहिला आला तर निवडणूक रद्द होते ना?
(कंटाळलेला मतदार, अकोला)

उत्तर: आमदार-खासदारकीला नाही होत. सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये नोटाचं बटण द्यायला लावलं, पण नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच निवडून येतो. लातूर ग्रामीणला २०१९ला नोटा साडेसत्तावीस हजार मतं घेऊन चक्क दुसरा आला होता, युतीत ती सीट शिवसेनेला गेल्याची नाराजी होती, आणि काँग्रेसचे धीरज देशमुख लाखाहून जास्त मतांनी आरामात जिंकले. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी २०१८ला वेगळा आदेश काढलाय, तिथे नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. त्यामुळे राग काढायचाच असेल तर नगरपालिकेला काढा, तिथे निदान मोजला जातो.