हर-टू ‘२+’ म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

प्रश्न: आईच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सी अहवालात ‘हर-टू २+’ लिहिलंय. म्हणजे आजार जास्त वाढलाय का?

उत्तर: नाही, हा आकडा टप्प्याचा नाही. २+ म्हणजे निकाल अजून लागायचाय. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना १० टक्क्यांहून जास्त कर्कपेशींभोवती ठळक, अखंड तपकिरी कडा दिसली तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. ० आणि १+ निगेटिव्ह. कडा पूर्ण पण फिकट असली की २+. मग त्याच ब्लॉकवर (मेणात जपलेल्या बायोप्सीच्या तुकड्यावर) ‘फिश’ तपासणी करून हर-टू जनुकाच्या प्रती मोजतात. ती झाल्याशिवाय उपचार ठरवायची घाई नको.

नमुना फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) ६ ते ७२ तास राहिला होता ना, हेही विचारा. कमी वेळ राहिला तर निकाल फसवा येऊ शकतो.

पॉझिटिव्ह आलं तरी धीर सोडू नका. एकेकाळी ही वाईटच खूण मानत. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब या हर-टूवर नेम धरणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. शिवाय जगण्याचा अंदाज एकट्या हर-टूवरून बांधत नाहीत. गाठीचा आकार, काखेतल्या लसिकाग्रंथी आणि ईआर (इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारं पेशीतलं प्रथिन) हे सारं जोडीनं पाहतात.