फिन तुटलं? आधी तेल बघा

प्रश्न : आमची फायबरची होडी आहे, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. मे महिन्यात आचऱ्याच्या खाडीतून ओहोटीला येताना इंजिन खडपावर आपटलं आणि पंख्याखालचं फिन, म्हणजे स्केग, निम्म्याहून जास्त तुटलं. पंखा शाबूत आहे, पण हँडल आता सारखं एका बाजूला ओढतं. दुकानात विचारलं तर खालचं गिअरचं घरच बदला म्हणतात. तेवढे पैसे नाहीत. घरी दुरुस्ती होईल का? – एक वाचक, आचरा

उत्तर : होईल. पंखा शाबूत राहिला तो फिनामुळेच. खडप आधी त्याला लागलं आणि ते तुटलं, त्याचं कामच ते आहे. आमच्या मालवणात जुने तांडेल अशा वेळी म्हणायचे, “पंखो वाचलो मा, मगे काय?” पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. जो फटका फिन तोडतो तो वरपर्यंतही जातो, म्हणून फिनाला हात लावण्याआधी एक तास गिअरच्या घरासाठी काढा.

प्लगची वायर काढून ठेवा, मग पंखा उतरवा. दांड्याला तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, गुंडाळला आहे का बघा. तो पाणी अडवणाऱ्या रबरी सीलच्या आत शिरतो आणि सील कापतो. इंजिन न्यूट्रलला टाकून पंख्याचा दांडा हातानं फिरवा आणि त्याच्या टोकाजवळ पेन्सिल स्थिर धरा. टोक पेन्सिलीजवळ येतं-लांब जातं असं दिसलं तर दांडा वाकला आहे. मग फिनाचं काम थांबवा आणि तो दांडा चांगल्या मेकॅनिकला दाखवा. नंतर गिअरच्या घराचा खालचा स्क्रू काढून थोडं तेल बशीत घ्या. दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय, सील बदलायलाच हवं. स्क्रूच्या लोहचुंबकाला करडी लुकण लागलेली असते, ती चालते. हाताला टोचणारे तुकडे असतील तर गिअर फुटलाय.

हे सगळं ठीक निघालं तर पुढे. हँडल ओढण्याचं कारण साधं आहे. पंखा फिरताना इंजिनाला एका बाजूला ढकलत असतो आणि फिन पाण्यात उभं राहून ते ढकलणं अडवतं. निम्मं फिन गेलं की तो सगळा जोर तुमच्या मनगटावर येतो. पंख्याच्या वर छोटी तिरपी पाती असेल तर तिचा बोल्ट ढिला होऊन ती फिरली नाही ना, तेही एकदा बघून घ्या.

आता माप. गावात तुमच्याच मॉडेलचं इंजिन शोधा, मालकाला विचारून त्याच्या फिनावर पुठ्ठा धरा आणि पेन्सिलीनं कड उतरवून घ्या. अंदाजानं काढलेलं फिन मी दोन वेळा पाहिलंय. एक लांब झालं आणि वाळूत रुतायचं, दुसरं तिरकं बसलं आणि हँडल उलट्या बाजूला ओढायला लागलं.

पत्रा ६०६१ किंवा ५०५२ जातीच्या ॲल्युमिनियमचा घ्या, तुटलेल्या कडेइतक्याच जाडीचा. भंगारातल्या डब्याचा पत्रा नको. जहाजाचं म्हणून कुणी ५०८३ देईल, पण मी पुढे जी वेल्डिंगची काडी सांगतोय ती त्याला चालत नाही. पुठ्ठ्यापेक्षा पाव इंच मोठा कापा, जादाचं नंतर कानशीनं उतरवता येतं. तुटलेली कड आणि पत्र्याची कड दोन्ही बाजूंनी तिरपी घासा, म्हणजे जोडात ‘व्ही’ पडेल.

वेल्डिंग तेवढं घरी करू नका. नेहमीच्या लोखंडाच्या मशीनवर हे होत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरची ऑक्साइडची साय दोन हजारांच्या वर टिकते, म्हणून एसी करंटवरचं टिग मशीन आणि आर्गॉन गॅस लागतो. कुडाळच्या बाजूला कारखान्यांची कामं करणारे वेल्डर मिळतील. त्यांना ४०४३ काडी सांगा. ओतीव घराला तीच बरी. घासायला स्टेनलेसचा नवा ब्रश न्या, लोखंडावर वापरलेला नको. पहिल्या थरात काळे बुडबुडे आले तर ती धातूत मुरलेली मिठाची आणि तेलाची घाण असते. तो थर घासून काढून पुन्हा भरायला लावा. अर्थचा चिमटा फिनालाच लावायला सांगा, म्हणजे करंट बेअरिंगांतून जाणार नाही.

आणि तेल आधी पूर्ण काढा. आणि जोड थांबत-थांबत भरा. माझ्या हातून एकदा हे थांबणं राहिलं होतं, शेजारच्या गावातल्या एका होडीचं काम होतं. घाईत एका दमात पूर्ण जोड भरून घेतला. फिन सुरेख झालं. पंधरा दिवसांनी तेल पांढरं. आत पंख्याच्या दांड्याचं सील भाजून कडक झालं होतं. फिनाच्या कामाच्या कितीतरी पट खर्च गिअरला आला आणि तो मी भरला. म्हणून सांगतो, एकेक इंच भरा, हात टेकवेल इतकं गार होऊ द्या, मग पुढचा इंच. सीलच्या भागावर ओलं फडकं ठेवा.

पुढची कड गोलसर आणि मागची पातळ घासून काढा. ॲल्युमिनियमला चालणारा इपॉक्सी प्रायमर लावा. होडीच्या तळाला लावतात तो तांब्याचा रंग फिनाला कधीही लावू नका. तांबं खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खातं. ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजावा म्हणून इंजिनाला झिंकचा तुकडा बसवलेला असतो, त्याला तर कुठलाच रंग नको, रंग दिला की तो काम थांबवतो.

३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. पण आषाढातल्या दमट हवेत प्रायमर धरत नाही. फिन राहत्या घरात आणा, शेजारी मोठा बल्ब रात्रभर लावून ठेवा आणि धातू हाताला कोमट लागला की रंग मारा. मग तेल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला. पहिले दहा तास चालवल्यावर खालचा स्क्रू थोडा सैल करून बघा, तेल पारदर्शक राहिलं तर काम झालं.

प्रश्न : पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी नेतो. फिनाला थोडाच टवका गेलाय. स्टेनलेसचं जाड कवच बसवावं का? – एक वाचक, हर्णै

उत्तर : टवका असेल तर कानशीनं कड साफ करा आणि ॲल्युमिनियम भरलेल्या दोन भागांच्या इपॉक्सीनं भरा. कड घासल्यावर पाच मिनिटांत लावा, उशीर झाला की साय पुन्हा धरते. कवच मला स्वतःला पसंत नाही. ते तुटत नाही, त्यामुळे खडपाचा धक्का सरळ गिअरच्या घराला जातो, आणि स्टेनलेस जिथे ॲल्युमिनियमला टेकतं तिथून घर झिजायला लागतं. तरीही बसवायचंच असेल तर मधे सीलंटचा पूर्ण थर द्या, बोल्टांना नायलॉनचे वॉशर घाला आणि दर महिन्याला झिंक बघा. निम्मा झिजला की बदला.