ऑपरेशन माझं, बोलणी माझ्याशिवाय

पत्र:

माझं वय ४९, पाळी अजून चालू आहे. डाव्या स्तनात २.४ सेंटिमीटरची गाठ सापडली, बायॉप्सीत कॅन्सर निघाला. सोनोग्राफीत काखेत काही दिसलं नाही. रिपोर्टवर ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, 'हर-टू २+' असं लिहिलंय. डॉक्टरांशी माझे यजमान आणि दीर बोलतात, मी केबिनबाहेर बसते. 'तू फक्त बरी हो, बाकीचं आम्ही बघतो,' असं दोघंही म्हणतात. आठ दिवसांनी ऑपरेशन आहे. पूर्ण स्तन काढणार हे मला कळलं ते सिस्टर संमतीपत्रावर सही घ्यायला आल्या तेव्हा. सही अजून केलेली नाही. विचारावंसं खूप वाटतं, पण त्यात उशीर झाला तर? डॉक्टर दुखावले तर? आणि जिवावर बेतलेलं असताना स्तनाचा विचार करणं हा स्वार्थ आहे का?

उत्तर:

ताई, स्वार्थ अजिबात नाही. सही केली नाहीत हेही बरंच झालं.

आधी तुमच्या रिपोर्टबद्दल, कारण तिथे खरोखर घाईचा प्रश्न आहे. हर-टू म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन. त्याचा निकाल ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे ना हो, ना नाही. मग बायॉप्सीच्या त्याच तुकड्यावर 'फिश' नावाची तपासणी करतात. सहसा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ती झाली आहे का, हे तुमच्या पत्रावरून दिसत नाही. झाली नसेल, तर आठ दिवसांनंतरची तारीख घाईची आहे. कारण असं: फिश पॉझिटिव्ह आली, तर दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीत बरेचदा केमो आणि हर-टूवरची औषधं आधी देतात, ऑपरेशन नंतर. गाठ लहान होते, पूर्ण स्तन काढायचा होता तिथे कधी कधी फक्त गाठ काढून भागतं. शिवाय औषधांनी गाठ किती विरघळली ते पाहून पुढचं औषध ठरवतात. गाठ आधीच काढून टाकली, तर ही खूण कायमची हातातून जाते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: "हर-टूचा पक्का निकाल आला का? तो पॉझिटिव्ह निघाला तर क्रम बदलेल का?" औषधं आधी द्यायची ठरलं, तर गाठीच्या जागी धातूची बारीक क्लिप बसवणार का तेही विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर नेमकी जागा सर्जनला त्या क्लिपवरूनच सापडते.

उशिराची भीती समजते. पण तपासण्या पूर्ण करायला आणि विचार करायला दोन-तीन आठवडे गेले, म्हणून तुमच्यासारख्या गाठीत बहुतेक वेळा नुकसान होत नाही. स्तन लाल होऊन झपाट्याने सुजला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर गोष्ट वेगळी. तसं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

आता स्तन ठेवायचा की काढायचा. मिलानमध्ये १९७३ मध्ये आणि अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींचा थोडाच भाग काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. म्हणजे स्तन राखणं जिवाच्या बदल्यात घेतलेली चैन नाही. तो बरोबरीचा उपचार आहे. पण त्याला रेडिएशनची जोड हवीच. अमेरिकेतल्या चाचणीत नुसती गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी वीस वर्षांत सुमारे ३९ टक्क्यांना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. त्यामुळे तीन ते पाच आठवडे, सुट्टीचे वार सोडून, रोज रेडिएशनला जाणं जमेल का, याचा प्रामाणिक विचार तुम्हालाच करायचा आहे. काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागू शकतं, हेही आधी माहीत असू द्या.

पूर्ण स्तन काढायला सांगण्यामागे ठोस वैद्यकीय कारण असू शकतं. एकाच स्तनात लांब-लांब अनेक गाठी, मॅमोग्राफीत सगळीकडे पसरलेले संशयास्पद चुन्याचे कण, स्तनाच्या मानाने फार मोठी गाठ, त्या बाजूच्या छातीला पूर्वी दिलेलं रेडिएशन. म्हणून "स्तन राखता येईल का?" एवढंच विचारू नका. "माझ्या बाबतीत स्तन राखता न येण्याचं कारण नेमकं कोणतं, आणि ते कुठल्या रिपोर्टमध्ये दिसतं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला 'नाही' एवढंच उत्तर मिळू शकतं. दुसऱ्याला कारण द्यावं लागतं. कारण नसेल, तर निवड तुमची. काही जणी सगळं कळूनही पूर्ण स्तन काढणं पसंत करतात, कारण रोजचं रेडिएशन किंवा दरवर्षीच्या मॅमोग्राफीची धाकधूक नको असते. तेही योग्यच. मात्र स्तन काढला की रेडिएशन टळलंच, असं धरून चालू नका. काखेत गाठी निघाल्या तर ते तरीही लागू शकतं.

काखेबद्दल मात्र फार कमी जणी विचारतात, आणि पुढची कित्येक वर्षं हात त्याचीच आठवण देत राहतो. सोनोग्राफीत काख साफ दिसते आहे, तर कॅन्सर पसरला तर सहसा जिथे सर्वांत आधी पोचतो, त्या काखेतल्या पहिल्या दोन-चार लसीका ग्रंथीच आधी काढून तपासता येतील का, हे विचारा. याला सेंटिनल नोड बायॉप्सी म्हणतात. सरसकट सगळ्या ग्रंथी काढल्या की हाताला कायमची सूज येण्याचा धोका बराच वाढतो.

संमतीपत्रावर 'गरज पडल्यास पूर्ण स्तन काढणे' असं वाक्य आहे का पाहा. गरज कशाला म्हणायचं, ते सही करण्याआधी ठरवून घ्या. एके काळी बाई बेशुद्ध असतानाच गाठ तपासत आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकत. स्तन गेला हे तिला जाग आल्यावर कळे. रोगिणींनीच आवाज उठवला, आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने निदान आणि ऑपरेशन वेगवेगळ्या वेळी करावं अशी शिफारस केली. मधला हा वेळ बाईला विचार करता यावा म्हणूनही आहे. तुमचा तो वेळ केबिनबाहेर बसण्यात चालला आहे.

तर आत कसं जायचं? यजमानांना आदल्या दिवशीच शांतपणे सांगा: "उद्या मी आत येणार आहे. आधी मी बोलेन. माझं काही राहिलं तर तुम्ही आठवण करा आणि लिहून घ्या." त्यांना काम दिलंत की आपल्याला बाजूला सारलं असं त्यांना वाटणार नाही. ते हे सगळं भीतीपोटी करत असावेत. पण त्यांच्या भीतीचा निकाल तुमच्या शरीरावर लागतोय, हे त्यांना तुमच्याच तोंडून कळायला हवं. आत गेल्यावर खुर्चीवर बसताच म्हणा, "डॉक्टर, माझे तीन प्रश्न आहेत." तीनच, कागदावर मोठ्या अक्षरात, महत्त्वाचा सर्वांत वर. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. 'कॅन्सर' शब्दानंतर कानावर पडलेलं फारसं डोक्यात राहत नाही. शेवटी म्हणा, "मला जे समजलं ते सांगते, चुकलं तर दुरुस्त करा." गैरसमज तिथल्या तिथे सापडतात. विचारलं म्हणून दुखावणारे डॉक्टर थोडे. भेटलेच, तर दुसरं मत घ्या. तेव्हा नुसता रिपोर्ट नेऊ नका, बायॉप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मागून न्या, म्हणजे तपासणी पुन्हा करता येते.

केमोची चर्चा निघेल तेव्हा आकड्यांत फसू नका. "धोका एक तृतीयांशाने कमी होतो" यात १०० जणींत १२ चे ८ होणंही बसतं आणि ३ चे २ होणंही. म्हणून विचारा: "माझ्यासारख्या १०० जणींनी हा उपचार घेतला तर जास्तीच्या किती जणींना फायदा, आणि त्रास किती जणींना?" फिश निगेटिव्ह आली आणि काख साफ निघाली, तर २१ जनुकांची तपासणी करून केमोचा खरंच उपयोग होईल का, याचा अंदाज घेता येतो. पाळी चालू असलेल्या बाईसाठी त्या तपासणीत येणाऱ्या आकड्याचा अर्थ थोडा वेगळा लावतात, तो स्वतंत्र समजून घ्या. ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे तुमची गाठ बाईच्या हार्मोनवर पोसली जाते, म्हणून हार्मोनला अडवणारी गोळी मात्र तुम्हाला किमान पाच वर्षं, रोज घ्यावी लागेल. अंगातून वाफा येणं, सांधे धरणं असे त्रास आधी माहीत असले, तर मध्येच गोळी सोडावीशी वाटली तरी डॉक्टरांशी बोलता येतं.

हे सगळं तुम्हीच ठरवलं पाहिजे असं नाही. कॅनडात स्तनाचा कॅन्सर झालेल्या हजारावर स्त्रियांना हाच प्रश्न विचारला होता. १९९७ च्या त्या अभ्यासात २२ टक्क्यांना निवड स्वतः करायची होती, ४४ टक्क्यांना डॉक्टरांबरोबर मिळून, आणि ३४ टक्क्यांना ती डॉक्टरांवर सोपवायची होती. खटकण्यासारखं हे, की हवा तेवढा सहभाग मिळाला असं जेमतेम ४२ टक्क्यांनाच वाटलं. "मला सगळं समजावून सांगा, ठरवा तुम्ही," असं डॉक्टरांना म्हणायलाही मुभा आहे. फक्त ते तुम्ही म्हणायचं. दीर आणि यजमानांनी तुमच्या वतीने गृहीत धरायचं नाही.

उद्या सकाळी सर्जनच्या क्लिनिकला तुम्ही स्वतः फोन करा. फिशच्या निकालाचं विचारा आणि ऑपरेशनच्या आधी वीस मिनिटांची वेळ तुमच्या नावाने मागा.