वाचकांचे प्रश्न: इमर्जर बुडतोय, काय करू?

प्रश्न (सांगली): सर नमस्कार, एप्रिलमधे हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरायला जायचं ठरलंय आमचं, म्हणून व्हिडिओ बघून बघून घरीच फ्लाय, म्हणजे गळावर पिसं न दोरा गुंडाळून केलेलं किड्यासारखं आमिष, बांधतोय. ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, बरी जमायला लागलीय, पण मेफ्लाय या पाणकिड्याचा इमर्जर, म्हणजे कातीतून बाहेर येत असलेल्या किड्याची नक्कल, काही केल्या जमंना. बादलीत टाकला की एकतर दगडासारखा खाली जातो नाहीतर अख्खा आडवा तरंगतो. गळ १४ नंबरचा सरळ दांडीचा आहे, दोरा घरातला शिलाईचा, बदकाची सीडीसी पिसं ओळखीच्या बदकवाल्याकडून आणली आणि त्यांना फ्लाय तरंगावी म्हणून लावतात ते फ्लोटंटचं जेल पण चोळलं. कुठं चुकतंय?

उत्तर: पहिल्यांदा ते जेल बाजूला ठेवा. सीडीसी म्हणजे बदकाच्या शेपटीच्या वर जी तेलाची ग्रंथी असते तिच्याभोवतीची बारीक मऊ पिसं, आणि बऱ्याच जणांना वाटतं की ती त्या तेलामुळं तरंगतात. तेलाचा हातभार असतो, पण खरं काम त्या केसासारख्या बारीक तंतूंचं असतं, त्यात हवा अडकून राहते. तुम्ही जेल चोळलं की तंतू एकमेकाला चिकटले, हवा गेली, फ्लाय खाली गेली. सीडीसीला फक्त कोरडी पावडर लावायची, सिलिकाची मिळते ती. मासा लागून फ्लाय चिकट झाली की आधी पाण्यात खळखळून धुवायची, रुमालात दाबून पाणी काढायचं, मग पावडर. चिकट फ्लायवर डायरेक्ट पावडर टाकली तर नुसता लगदा होतो.

आता आडवा तरंगण्याचं. मेफ्लायची अळी, म्हणजे निंफ, पाण्याखाली दगडांच्या आडोशाला वाढते, जातीप्रमाणं काही महिने ते दोन वर्षं सुद्धा. वेळ आली की वर येते, पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला टेकते, पाठीवर कात उकलते आणि तिथून डोकं न पंख बाहेर येतात, पण मागचं अर्धं अंग अजून कातीतच असतं, पाण्याखाली. त्या घडीला तिला धड उडता येत नाही की खाली पळता येत नाही, माशाला आयता घास. (बाहेर पडलेली माशी पण अजून पूर्ण झालेली नसते बरं का, काठावरच्या झाडावर बसून ती परत एकदा कात टाकते. उडते पंख आल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटक आज जगात नाही.) म्हणून इमर्जरमधे तरंगायचं फक्त डोक्याकडच्या भागानं, शेपटीकडचा भाग पाण्यात लोंबला पाहिजे. तुमचा गळ सरळ दांडीचा, त्यात पिसं बहुतेक दांडीभर पसरून बांधलेली असणार, मग आडवाच पडणार तो. वाकड्या दांडीचा गळ घ्या, ग्रब हुक म्हणून मिळतो, १४ किंवा १६ नंबर. हान्स व्हान क्लिंकेन या डच माणसानं 1980 च्या दशकात नॉर्वेत ग्रेलिंग माशांसाठी जो क्लिंकहामर बांधला त्याचं सगळं गणित हेच आहे, वाकडा गळ, अंग पाण्याखाली, वर फक्त पंखाचा खुंट आणि त्याच्याभोवती आडवं गुंडाळलेलं पीस.

बांधताना हात आखडता ठेवा. शिलाईचा दोरा नको, जाड होतो, सुती असला तर पाणी पण पितो, ७० डेनियरचा फ्लायचा दोरा घ्या. मागं कात म्हणून चकाकणाऱ्या सिंथेटिक लोकरीचे (अँट्रॉन नावाची मिळते, ती नसेल तर दुसरी चालते) मोजके तंतू, तपकिरी किंवा मधाच्या रंगाचे, लांबी गळाच्या दांडीच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त, टोकं एकसारखी कापायची नाहीत, खरी कात विरविरीत असते. अंग नुसत्या दोऱ्याचं किंवा अगदी विरळ डबिंगचं (दोऱ्यावर वळलेले केस किंवा लोकर), गळाच्या वाकाच्या थोडं आतपर्यंत उतरवायचं. इथंच सगळे जाड करतात! अंगात जेवढी लोकर जास्त तेवढं पाणी धरणार. पुढचा तिसरा भाग मोकळा सोडा, तिथं दोन किंवा तीन सीडीसी पिसं टोकाला टोक जुळवून बांधा, उभी राहतील अशी, पुढच्या बाजूनं दोऱ्याचे वेढे टेकवून. त्यांच्या बुडाशी चिमूटभर सशाच्या केसांचं डबिंग (पाळीव सशाचं, रानातल्या नाही), ते मात्र खरखरीतच राहू द्या, पाय वाटतात. गळाच्या डोळ्याशी व्हिप फिनिश, म्हणजे शेवटची गाठ, वर नेलपॉलिशचा बारीक थेंब, तो पिसांना लागू द्यायचा नाही.

आणि बादलीत बघू नका, वरून काय कळत नाही. काचेच्या बरणीत टाका, बरणी टेबलावर, डोळे पाण्याच्या रेषेला, आडव्यातून बघा. पिसाचा झुपका वर, कात खाली तिरकी लोंबलेली दिसली की झालं. झुपका फारच उंच राहत असेल तर टोकं चिमटीत धरून खुडा, कात्री लावली की टोक बोथट दिसतं.

तीर्थनला कधी इमर्जर लावायचा हे पण सांगतो. मासा वर खातोय, गोल वलय उठतंय, पण मागं बुडबुडा राहत नाही आणि तोंडाऐवजी पाठ न शेपूट दिसते, तर तो पापुद्र्याखालचं टिपतोय, ड्राय फ्लाय काढून इमर्जर लावा. वलयात बुडबुडा राहिला तर ड्रायच चालू द्या. हिमाचलात ट्राउटचा सीझन 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर बंद असतो, एप्रिल ठीक आहे, लायसन्स मात्र तिथल्या मत्स्य विभागाचं काढावं लागतं.

प्रश्न (कराड): आपल्या इकडं ट्राउट नाही, मग कृष्णेत कोयनेत फ्लायनं सराव कशावर करायचा?

उत्तर: चिलापीवर. ती कुठं पण आहे, निंफसारखी बारीक फ्लाय घेते आणि भांडते पण चांगली. वाहत्या खडकाळ पाण्यात खडस, म्हणजे आपला महसीर, लागला तर पाण्यातच गळ काढून सोडा. संध्याकाळी वर टिपणारे बारके रुपेरी मासे इमर्जरला छान येतात, १८ नंबरचा लावा. धरणाच्या पाण्यात मासेमारी बहुतेक ठिकाणी सोसायटीला ठेक्यानं दिलेली असते, विचारल्याशिवाय उतरू नका, आणि कोयनेचं अभयारण्य, चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान न व्याघ्र प्रकल्पाचं पाणी विषयच नाही. भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात फ्लाय फिशिंगवाल्यांसारखं मांडीभर पाण्यात उभं राहायची हौस करू नका, मगरी आहेत तिथं. काठावरून, उंचावरून टाका.

प्रश्न (पाटण): आमच्या भागात राखी रानकोंबडा आहे. पाहुणे म्हणतात मानेची पिसं आणून देतो. फ्लायला लय भारी असतात म्हणं?

उत्तर: भारी असतात म्हणूनच नको. सॅमन फ्लायवर डोळे म्हणून जगभर हीच पिसं वापरायचे, त्या नादात पक्षी मारले गेले. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, पाहुण्यांना तसं स्पष्ट सांगा. आणि मेफ्लायच्या इमर्जरला ती लागत पण नाहीत. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं घ्या, तंतू लांब असतात म्हणून १२ नंबरच्या मोठ्या गळाला बरी पडतात. आणली की साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, मग झिपच्या पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरला ठेवा, नाहीतर कसर लागून डब्यातली बाकीची पिसं पण जातील. घरच्यांना पिशवीत काय आहे ते आधी सांगून ठेवलेलं बरं.