राजकन्या मठात का जात?

प्रश्न : मध्ययुगीन जर्मनीत राजघराण्यातल्या मुलींना कोवळ्या वयातच मठात धाडत आणि त्यांतल्या काही पुढे मठाध्यक्षा होत, असे वाचले. त्यांना राजकारणातून दूर सारण्याचाच हा प्रकार होता काय?

उत्तर : निदान जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग येथील मठाच्या माटिल्डेपुरते तरी उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. सम्राट पहिला ओटो आणि आडेलहाइड यांची ही मुलगी 955 साली जन्मली आणि 966 मध्ये, म्हणजे जेमतेम दहा-अकरा वर्षांची असताना, मठाध्यक्षा झाली. हा मठ ओटोने 936 साली, आपले वडील राजा हेन्री यांच्या दफनस्थळी, आईच्या आग्रहावरून स्थापन केला होता आणि घराण्यातल्या मृतांसाठी अखंड प्रार्थना करणे हे तेथील मुख्य काम होते. माटिल्डेच्या आजीचा, म्हणजे ओटोच्या आईचा, चरित्रकार सांगतो की, तिने मृत्युशय्येवर नातीच्या हाती एक पंचांगवजा वही दिली. तिच्यात मृत नातलगांची आणि सरदारांची नावे लिहिलेली होती. घराण्याची स्मृती जपणे म्हणजे घराण्याचा हक्क जपणे, हे त्या काळी कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

विडुकिंड या भिक्षूने सॅक्सनांचा, म्हणजे ओटोच्या घराण्याच्या जर्मन जमातीचा, इतिहास लिहून तो माटिल्डेलाच अर्पण केला आणि तिला साऱ्या युरोपची स्वामिनी म्हटले. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची ही स्तुती दरबारी थाटाची आहे हे उघडच आहे. मात्र पुढे तिचा अधिकार खरोखरच वाढला. 994 मध्ये तिसऱ्या ओटोने, म्हणजे तिच्या भाच्याने, मठाला बाजार भरवण्याचा, जकात घेण्याचा आणि नाणी पाडण्याचा हक्क दिला, आणि 997 मध्ये इटलीला निघताना सॅक्सनीचा कारभार तिच्यावर सोपवला. मठाच्या वार्षिक नोंदींनुसार तिने शस्त्र न उचलता, सल्लामसलतीने सरदारांना आणि शेजारच्या स्लाव्ह टोळ्यांना आवरले. त्या नोंदी तिच्याच मठात लिहिल्या गेल्या, हे मात्र ध्यानात ठेवावे.

दूर सारण्याचा मुद्दा अगदीच निराधार नाही, कारण मठात गेलेल्या राजकन्येचे लग्न होत नसे आणि त्यामुळे तिच्यामार्फत गादीवर दावा सांगणारा जावईही उभा राहत नसे. राजघराण्याला ही सोय नक्कीच हवीशी होती. तेथील इतर कुलीन स्त्रियांना मात्र खासगी मालमत्ता बाळगता येई आणि मठ सोडून लग्नही करता येई.

माटिल्डे 999 च्या फेब्रुवारीत वारली. तिच्यानंतर मठाध्यक्षेची गादी मिळाली ती तिसऱ्या ओटोच्या बहिणीला, आडेलहाइडला. हा मठ 1803 पर्यंत टिकला आणि त्याची शेवटची अध्यक्षा स्वीडनची राजकन्या होती.