रंगाला भाव, पिल्लाचे हाल: वाचकांचे प्रश्न

शेफर्ड आणि कॉली सोलापुरात वाढले तसे रंगाचे प्रश्नही वाढले. गोंधळ बहुतेकांचा तोच, म्हणून एकत्र उत्तरं देतोय.

जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं तेव्हा जवळजवळ काळं होतं, आता पाय तपकिरी होताहेत. ब्रीडरने फसवलं का? (जुळे सोलापूर)

नाही. पाठीवर काळं खोगीर असणारी शेफर्डची पिल्लं गडदच जन्मतात, पाय मागाहून असेच तपकिरी होतात.

पांढरा जर्मन शेफर्ड अल्बिनो असतो का? 'दुर्मिळ' म्हणून जादा पैसे मागताहेत. (होटगी रोड)

नाक काळं आणि डोळे गडद असतील तर अल्बिनो नव्हे. आई आणि बाप दोघांकडून एकेक सुप्त जनुक आलं की पिल्लू पांढरं होतं, मग ते दोघं काळे-तपकिरी का असेनात. जर्मन शेफर्डच्या प्रदर्शनात हा रंग बाद ठरतो. मग जादा पैसे कशाचे? त्यापेक्षा आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, आणि पैसे देण्याआधी पिल्लू डॉक्टरला दाखवा.

आमची बॉर्डर कॉली ब्लू मर्ल (राखाडी-काळ्या ठिपक्यांची) आहे. पुण्यात ब्लू मर्ल नर मिळतोय. त्याचा मालक म्हणतो, दोघंही मर्ल म्हणजे सगळी पिल्लं मर्ल, भाव दुप्पट. मादी माजावर येतेय, घाई आहे. (विजापूर रोड)

ही जोड लावू नका.

'सगळी मर्ल' ही थाप आहे. तुमच्या मादीत या जनुकाची एक प्रत मर्लची आणि एक साधी, नरातही बहुधा तसंच. अशा जोडीतून सरासरी निम्मी पिल्लं मर्ल, पाव साधी आणि पाव 'डबल मर्ल', म्हणजे दोन्ही प्रती मर्लच्या, अशी होतात. साध्या रंगाचा नर घेतलात तरी निम्मी मर्लच मिळतात. म्हणजे दुसऱ्या मर्लने तुमच्या पदरात फक्त डबल मर्ल पडतात.

मर्ल म्हणजे पीएमईएल या जनुकात घुसलेला डीएनएचा तुकडा. हे 2006 साली कळलं. एका प्रतीने अंगावर राखाडी-काळे ठिपके उठतात. दोन प्रती आल्या की अंगाच्या बऱ्याच भागात रंगपेशीच टिकत नाहीत, आणि आतल्या कानाला ऐकण्यासाठी त्याच पेशी लागतात. 2009 च्या एका अमेरिकन अभ्यासात डबल मर्लपैकी साधारण पाव कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघाली. डोळ्यांचं आणखी वेगळं. माझ्या टेबलावर आलेलं एक पिल्लू: पांढरं शुभ्र, गुलाबी नाक, डाव्या पापणीआड वाटाण्याएवढा डोळा, बाहुली खाली ओघळलेली. 'प्युअर व्हाइट, एक्स्पोर्ट क्वालिटी' म्हणून विकलं होतं ते.

टाळ्या वाजवून कान तपासल्याचं सांगू नका. पिल्लू तुमचा हात बघतं, आणि एका कानाचा बहिरेपणा तर घरी कळतच नाही; त्याला बेअर चाचणी (आवाजाला मेंदू देतो तो प्रतिसाद यंत्राने मोजणारी) लागते. नर दिसायला साधा असला म्हणूनही निर्धास्त राहू नका. लालसर-पिवळ्या केसांत मर्ल लपून राहतो. गालाच्या आतून स्वॅब घेऊन नराची डीएनए तपासणी करा. अहवाल येईपर्यंत माज निघून जाईल? जाऊ द्या, साधारण सहा महिन्यांनी पुन्हा येईल. तोवर दोघांना घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोला.

रफ कॉलीला गोचीड झालेत. जनावरांच्या औषधाच्या दुकानात आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात. पांढऱ्या कुत्र्यांनाच ते बाधतं म्हणे, आमचा काळा आहे. (बार्शी)

कोण म्हणे? रंगाचा इथे काडीचा संबंध नाही. एमडीआर-1 या जनुकातल्या दोषामुळे औषध मेंदूत साचतं, आणि अमेरिकेतल्या तपासण्यांत सुमारे 70 टक्के कॉलींत या दोषाची निदान एक प्रत सापडली आहे. दुकानदाराने अंदाजाने भरलेली सिरिंज अशा कुत्र्याचा जीव घेऊ शकते. टोचलं असेलच आणि कुत्रं झोकांड्या खात असेल, लाळ गाळत असेल, तर सकाळची वाट बघू नका, आत्ता दवाखाना गाठा. गोचिडांवर दुसरी औषधं आहेत. वजन करून डॉक्टरांकडूनच घ्या.

मर्ल पिल्लाचा एक डोळा निळा आहे. दिसत नसेल का? (अक्कलकोट)

आधीपासून निळा असेल तर निळेपणाची काळजी नको. डोळा लहान वाटला तर मात्र दाखवा. आधी तपकिरी होता आणि आता निळसर झालाय? मग आजच दाखवा.

उन्हाळ्यात कॉलीचे केस भादरावेत का? (सात रस्ता)

नको. आतली लव विंचरून काढा आणि मे महिन्यात फिरवायचं ते पहाटेच.